टोंगाची ईनबाई आणि माझी गाठ

मी जिवंत आहे, हे पहिलेच सांगून टाकते. असलं काही वाचायला घेतलं की माणूस आधी शेवटचं पान उलटून बघतो, बाई वाचली की गेली. मीही आजारपणात तेच करायचे. तर वाचले. ड्यूटीवरही रुजू झाले. आता निवांत वाचा.

दुसरी गोष्ट. यात औषधाची नावं, कुठला रस प्यावा, काय खाऊ नये, असलं काही सापडणार नाही. ते डॉक्टरला विचारा. मी एस.टी.ची कंडक्टर, हिंगणघाट डेपो. तिकीट देणं आणि खोटं बोलणारा ओळखणं, या दोनच गोष्टी मला चांगल्या येतात. लिहायला बसले की हात आपोआप शाळेतलं मराठी लिहितो. बोलणं मात्र जसं झालं तसंच लिहिते, कारण आम्ही घरात पुस्तकासारखं बोलत नाही.

पट्ट्याखाली

डाव्या छातीवरून कॅशबॅगचा पट्टा जातो. तिथंच काहीतरी टणक लागायचं. मी म्हणायचे, पट्ट्यानं घट्टा पडला असेल. टाचेला पडतो, तळहाताला पडतो, तसा. दुखत नव्हतं ना! दुखलं असतं तर त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. बायांनो, न दुखणारी गाठ ही बिनतिकिटाच्या प्रवाशासारखी असते, कोपऱ्यात गप बसून राहते. तिला आधी उठवा.

एकदा आंघोळ करताना पट्टा नव्हता, बॅग नव्हती, आणि ते टणक तसंच होतं. मग मात्र गेले.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, माझ्या मुलापेक्षाही लहान वाटली. तिनं रिपोर्ट वाचला आणि आमच्या यांना म्हणाली, "काका, तुम्ही जरा आत या. काकूंना बाहेर बसू द्या."

मी उठलेच नाही. म्हटलं, "काऊन? गाठ त्यायले आहे का मले?"

पोरीचा चेहरा पडला. मग खुर्ची माझ्याकडे वळवून तिनं सगळं सरळ सांगितलं. कॅन्सर आहे, बरा होण्यासारखा आहे, आधी किमो, मग ऑपरेशन, छाती काढावी लागेल, मग शेक, म्हणजे रेडिएशन. तिनं नीट सांगितलं, त्याबद्दल मी तिची आजही आभारी आहे. पण पहिलं वाक्य मी विसरले नाही. तुम्हालाही कोणी बाहेर बसवत असेल तर बसू नका.

भीती वाटली का? वाटली ना बापा. परतीच्या बसमध्ये मी प्रवासी म्हणून बसले होते, आणि जाम चौक आला तेव्हा सवयीनं "जाम, जाम, उतरा" असं माझ्या तोंडून निघालं. लोक हसले. मीही हसले आणि मग ते हसणं थांबेना, आणि यांनी माझा हात घट्ट धरला. घरी आल्यावर हे मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. नळाच्या आवाजात रडणं लपत नाही, पण ऐकू आल्याचं मी दाखवलं नाही.

आईचं

आता आईचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझं माहेर अल्लीपूरचं. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, तसं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. ताईत नाही, अंगारा नाही, उतारा नाही. अशा घरातल्या माझ्या आईला छातीत गाठ झाली आणि माझ्या मोठ्या भावानं, दादानं, तिला कुठल्यातरी बाबाकडे नेलं. बाबानं लेप लावला, राख दिली, महिनोन्‌महिने फेऱ्या मारायला लावल्या. गाठ फुटली. वास यायला लागला. मग आई गेली.

मी तेव्हा नवीन नोकरीत होते, मुलगा लहान. मी दादाला म्हटलं होतं, दवाखान्यात ने. तो 'हो हो' म्हणाला होता. आई गेल्यावर मी त्याच्याशी भांडले नाही. एक शब्दही बोलले नाही. माहेरी जाणंच बंद केलं. रक्षाबंधन नाही, लग्नकार्य नाही. माझ्या बसमध्ये तो एकदा चढला, तर मी तिकीट दिलं आणि पुढच्या प्रवाशाकडे वळले.

म्हणून रिपोर्ट आल्यावर नातेवाइकांचे फोन सुरू झाले, कोणी पानांचा रस सांगे, कोणी काळा दोरा, तेव्हा मी एकेकाला असं काही बोलले की ते इथं लिहिता येत नाही. एका मावसबहिणीनं दारात येऊन ताईत दिला. तिच्यासमोर तो मी केराच्या टोपलीत टाकला आणि तिला चहा पाजला.

वॉर्ड

किमोच्या दिवशी सकाळी रांग, मग रक्त, मग पलंगाची वाट पाहणं. सलाईनचा थेंब बघत बघत दुपार होते. बाजूच्या पलंगावर कोणी आष्टीकडची, कोणी यवतमाळची. पहिल्या दिवशी कोणी बोलत नाही. दुसऱ्या खेपेला सगळ्यांच्या सासवा एकमेकींना माहीत होतात. एक सिस्टर होती, तिला माझी शीर पहिल्याच टोचण्यात सापडायची. तिची ड्यूटी असली की मला सण वाटायचा. आजारात सुख इतकं लहान होतं, आणि तेवढंही पुरतं, हे मला तिथं कळलं.

केस गळायला लागायच्या आधीच मी न्हाव्याला घरी बोलावून सगळे काढून टाकले. आपण होऊन उतरलेलं बरं, कोणी उतरवून देण्यापेक्षा. हे आरशासमोर उभे राहून म्हणाले, "चांगली दिसते." मी म्हटलं, "खोटं बोलू नका, तिकीट फाडीन."

पण हिंमत तोंडात असते, अंगात नसते. तिसऱ्या किमोनंतर तोंडात फोड आले. पाण्याचाही वास येई. झोप गेली ती गेलीच. डोळे मिटले की आईच्या खोलीतला तो वास. मी कोणाला सांगितलं नाही. दात आवळून पडून राहायचे.

तेवढ्यात मुलाचा फोन आला, "आई, आम्ही येऊन राह्यलो. आनाची माय बी येते."

ईनबाई

सुमेध, माझा मुलगा, नर्सिंग शिकून न्यूझीलंडला गेला. तिथं म्हाताऱ्या लोकांच्या आश्रमात काम करतो. तिथंच काम करणारी आना त्याला भेटली, आणि त्यांनी लग्न केलं. आना टोंगाची. टोंगा म्हणजे काय हे मला नकाशात दाखवावं लागलं. निळ्या कागदावर माशी बसून गेल्यासारखे ठिपके, बस्स.

आनाची आई लुपे, म्हणजे माझी विहीण. आमच्याकडे विहिणीला ईन म्हणतात, मान द्यायचा तर ईनबाई. लग्न त्यांच्याकडेच झालं, म्हणून आम्ही एकमेकींना फोनमध्येच पाहिलं होतं. प्रत्यक्षात ती ऑटोतून उतरली तेव्हा ऑटो वर उचलला गेला. उंच, रुंद, पांढरे केस, आणि कमरेला चक्क चटई गुंडाळलेली. गल्लीतल्या बाया बघत राहिल्या. आनानं सांगितलं, मान द्यायचा असेल तिथं त्या लोकांत कमरेला चटई बांधून जातात. तिनं मला मिठी मारली, माझ्या टकलावरून हात फिरवला आणि मोठ्यानं हसली. मला कोणी त्या दिवसांत हसून हात लावला नव्हता. सगळे कसे काचेचं भांडं धरल्यासारखे.

ती तिच्या बेटावर बरं करणारी बाई आहे, हे सुमेधनं आधीच सांगितलं होतं. मी म्हटलं, "पाहुणी म्हणून येऊ दे. वैदू म्हणून नाई."

तिचं बेट एवढं लहान, आना सांगायची, की एका टोकाला कोंबडा आरवला तर दुसऱ्या टोकाचा माणूस उठतो. मी समुद्र पाहिलेला नाही. चारही बाजूंना पाणी आणि मधे माणसं, हे मला कल्पनेतही नीट बसत नाही. लुपेची आजी तिथली बरं करणारी. दहा नातवंडांतून तिनं हिला निवडलं, कारण हिचे हात गरम असत. कुठलं पान कधी तोडायचं, कसं कुटून कापडात बांधून पिळायचं, पोटावर हात ठेवून माणूस काय लपवतो ते कसं ओळखायचं, हे सगळं ती आजीच्या मागे फिरून शिकली. आधी प्रार्थना, मग हात. पैसा घ्यायचा नाही, घेतला तर औषध लागत नाही अशी त्यांची समजूत.

आणि आमचे लोक! इकडे परदेशी माणूस आला म्हणजे तो जपानचा नाहीतर थायलंडचा, आणि आला म्हणजे धम्मासाठीच आला, हे सगळ्यांनी मनात पक्कं धरलेलं. विहारातल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या, ईनबाईसमोर बसल्या, हात जोडून "साधू, साधू, साधू" म्हणाल्या. ईनबाईनंही हात जोडले आणि डोळे मिटून येशूची लांबलचक प्रार्थना म्हटली. बाया भारावून गेल्या. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "कोन्तं सुत्त होतं वो हे?"

मी खरं सांगितलं तरी फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी गुडघेवाल्या, कंबरवाल्या, झोप न येणाऱ्या, सगळ्यांची दारात रांग. गावचा भगत आला असता तर याच बायांनी त्याला झाडूनं हाकललं असतं. पण भगत विमानानं आला की तो भगत राहत नाही, असं दिसतं.

तेल

मी मात्र अडून बसले होते. ईनबाईनं जबरदस्ती केली नाही. ती रोज माझ्या चटईजवळ येऊन बसायची, खोबऱ्याच्या तेलाची वाटी ठेवायची आणि मटार सोलायची. जामच्या रस्त्यावर तिला बारतोंडीचं झाड दिसलं तर गाडी थांबवायला लावली, म्हणे हे आमच्या झाडाचं चुलत भावंड. पानं आणली. तीही वाटीशेजारी ठेवली. माझ्याकडे बघून हसायची आणि पुन्हा मटार.

एका दुपारी पाय इतके ठणकत होते की मीच पाय पुढे केले.

तिनं डोळे मिटले, पुटपुटली, आणि तळवे हातात घेतले. हात खरंच गरम होते. हळू आवाजात काहीतरी गुणगुणत ती तळव्यापासून गुडघ्यापर्यंत, मग पाठ, मग मान चोळत राहिली. मी ठरवलं होतं की डोळे उघडे ठेवायचे आणि ही काय करते ते बघायचं. मला जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती. कितीतरी आठवड्यांनी मी झोपले होते. आणि भूक लागली होती! यांनी ज्वारीच्या कण्या आणि ताक दिलं, मी वाटी चाटून पुसून खाल्ली. हे भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होते, डोळ्यांत पाणी, आणि या वेळी नळ नव्हता.

मग रोजच. पुढचे किमो झाले, पण दुपारी तेल ठरलेलं. मला कोणी विचारलं असतं, "तुझा विश्वास आहे का?" तर मी कानाखाली वाजवली असती. पण दुपार व्हायची मी वाट पाहायचे, हे खरं.

लहान झालेली गाठ

किमो संपल्यावर डॉक्टरीणबाईनं तपासलं. गाठ बरीच लहान झाली होती. ती खूश झाली. म्हणाली, "औषधानं छान काम केलंय. आता उशीर नको, ऑपरेशन करून टाकू."

घरी येईपर्यंत या वाक्यातलं 'औषध' गळून पडलं होतं. गाठ लहान झाली, तेल सुरू झाल्यावर झाली, म्हणजे तेलानं झाली! गल्लीत बातमी, गल्लीतून नातेवाइकांत, आणि तिथून अल्लीपूरला.

हेही विरघळले. म्हणाले, "थोडं थांबून पाहू का? आपोआप जात असन तं..." सुमेध नर्सिंग शिकलेला पोरगा, त्याला कळत होतं, पण तोही खाली मान घालून गप. आपली आई असली की शिकलेलं सगळं पातळ होतं.

आणि मी? वॉर्डात मी सगळ्यांना सांगत फिरायचे, छाती गेली तर गेली, काय करायचंय आता तिचं, पोरगं कधीच पिऊन मोठं झालं. बाया हसायच्या. ते खोटं होतं. मला ती जायला नको होती. शरीर माझं होतं, त्याचा एक भाग कापून बादलीत टाकणार होते, आणि इकडे एक बाई गरम हातांनी मला झोपवत होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं तर अख्खी ईनबाई होती. मी दोन रात्री विचार केला आणि डॉक्टरला फोन करून तारीख पुढे ढकलायला सांगायचं मनात जवळजवळ पक्कं केलं. त्या दिवशी मला रोखणारं कोणी नव्हतं. मीच माझ्या आईच्या वाटेनं निघाले होते, आणि मला ते कळतही नव्हतं.

तेवढ्यात दादा आला.

वर कोण बसणार

यांनीच त्याला घरात घेतलं. मी चटईवर भिंतीला टेकून बसले होते. तो दिवाणावर बसला. म्हातारा झाला होता. माझ्या टकलाकडे बघून त्यानं मान वळवली आणि यांच्याशी बोलू लागला.

"जवाईबापू, गाठ विरघळून राह्यली ना? मंग कापाची काऊन? एवढी मोठी बाई देवानं... म्हणजे, घरी चालून आली. तिच्याच हातानं होऊ द्या बरं. मी सांगतो ना."

मी सांगतो ना. आईच्या वेळीही हेच शब्द.

ईनबाई स्वयंपाकघरातून तेलाची वाटी घेऊन आली आणि दारातच थांबली. आनाला काहीतरी विचारलं. आना म्हणाली, आईंचा भाऊ. ईनबाईनं वाटी खाली ठेवली आणि आत यायलाच तयार नाही.

आना लाजून लाल झाली. सुमेधला म्हणाली, सुमेधनं आम्हाला सांगितलं, "मामा, त्यायच्याकडं भाऊ बहिणीच्या वर नाई बसत. तुम्ही दिवाणावर अन् आई खाली, तं आनाची माय आत येत नाई म्हणते."

दादा हसला. "सांग तिले, मी मोठा आहो."

सुमेधनं सांगितलं, आनानं सांगितलं. ईनबाईचं उत्तर आलं, "मोठा असन. पण बहीण ती आहे ना?"

तिच्या बेटावर बहीण धाकटी असली तरी मान तिचा. भावाच्या घरात शब्द तिचा, आणि त्याच्या पोरांवर आत्याचा हक्क बापापेक्षा जास्त. हे तिनं दारात उभं राहून, कमरेवर हात ठेवून, शांतपणे सांगितलं. मग आत आली, दादाचा दंड धरला आणि त्याला उठवलं. ढकललं नाही. उठवलं, जसं आपण लहान पोराला चुकीच्या जागेवरून उठवतो. दादा एवढा गांगरला की चटईवर जाऊन बसला. यांनी मला धरून दिवाणावर बसवलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावाचं डोकं वरून पाहिलं. मधे टक्कल पडलं होतं.

तोही हट्टी, आमच्याच घरचा. खालून म्हणाला, "बरं बापा, बसलो. आता तिले इचारा, तेलानं गाठ पुरी जाईन का नाई?"

ईनबाईनं आश्चर्यानं विचारलं, "कोणती गाठ?"

सुमेधनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं.

"मी गाठेले हातच नाई लावला कधी," ती म्हणाली.

आणि खरंच! पाय, पाठ, मान, पोट, डोकं. छातीजवळ तिचा हात एकदाही आला नव्हता. मी रोज तिच्या हाताखाली असून माझ्या लक्षात आलं नव्हतं. इतके दिवस ती कशावर उपचार करतेय, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या मनानं ठरवलं होतं.

मग तिनं सांगितलं. तिच्या लोकांत आजार दोन प्रकारचे. एक बेटाचे, एक जहाजातून आलेले. बेटाच्या आजारावर पान, तेल, प्रार्थना. जहाजातून आलेल्या आजाराचं औषधही जहाजातूनच आलं, ते दवाखान्यात मिळतं. तिची आजी आधी हात लावून बघायची, आजार बेटाचा नसेल तर त्याच दिवशी रोग्याला स्वतः किनाऱ्यावर नेऊन होडीत बसवायची. जिला होडी कधी बोलवायची ते कळत नाही, तिनं पानाला हात लावू नये, असं आजी म्हणायची. माझी गाठ पहिल्या दिवशीच दवाखान्याची, हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिकडे हात नेला नाही.

"तुमच्याकडं होडी नाई का?" तिनं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "हिंगणघाट ते वर्धा. दर तासाला."

"मंग ही इतके दिवस काय करून राह्यली?" दादा चिडून म्हणाला.

"झोप अन् भूक," सुमेधनं सांगितलं, आणि माझ्याकडे बघत अडखळला. "अन् ती म्हणते, पोटात एक गोष्ट आहे. पाय चोळते तवा आईचे दात आवळलेले राह्यते. कोण्या नातेवाइकावरचा राग आहे. त्याच्या तोंडावर तो काढला नाई तं तेल कातडीवरूनच निसटते."

मला हसू आलं पाहिजे होतं. राग आणि कॅन्सर, काय संबंध? गाठ रागानं होत नाही आणि माफ केल्यानं जात नाही, हे मी आजही ठणकावून सांगते; कोणी तुम्हाला तसं सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. पण मी दिवाणावर होते, तो खाली होता, आणि माझं तोंड उघडलं.

"मायची गाठ सुपारीएवढी होती दादा, तवा तुले म्हटलं होतं, दवाखान्यात ने. तू हो म्हटलं. अन् बाबाच्या पायावर नेऊन टाकलं तिले. आपल्या आज्यानं देव नदीत सोडले, अन् तू राख चाटवली मायले! तिच्या खोलीत पाय ठेववत नव्हता मले, एवढा वास. सगळ्यायनं तुले इचारलं, कारण तू पोरगा. मले कोणी नाई इचारलं. मी परक्या घरची. अन् आता माह्यं बी तूच ठरवाले आला?"

सुमेध भाषांतर करायला लागला तर ईनबाईनं हातानं त्याला थांबवलं.

दादानं चटईचं टोक सरळ केलं. मग म्हणाला, "हाओ."

"काय हाओ?"

"तू म्हणते तसंच झालं. मले भेव लागलं होतं. कापतीन म्हणून."

"मले बी लागून राह्यलं. म्हणून घरी बसू का?"

त्यानं 'नाई' अशी मान हलवली. ईनबाई माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली आणि आनानं या वेळी मोडक्यातोडक्या मराठीत स्वतःच सांगितलं, "आई, तू बोल. सगळे ऐकते."

मी बोलले. "ऑपरेशन ठरल्या दिवशीच होईन. अन् मले नेईन तो दादा. दुसरं कोणी नाई."

त्याला मी माफ केलं का? नाही. लोक विचारतात, त्यांना हे आवडत नाही. मी बोलले, त्यानं ऐकलं, आणि त्या दुपारी तेल लावताना माझे दात सुटे होते. एवढंच झालं, आणि ते मला पुरलं.

तुमच्यासाठी

ऑपरेशननंतर हात वर जात नव्हता. भिंतीवर बोटं चालवत चालवत वर न्यावा लागतो. रडू येतं, तरी न्या. सपाट बाजू मी पहिल्यांदा ईनबाईसोबत पाहिली. तिनं नजर वळवली नाही, तोंड वाकडं केलं नाही, टाक्यांभोवती हात न लावता पाठीला तेल चोळत राहिली. नंतर ती आपल्या घरी परतली, शेक झाला, मीही ड्यूटीवर गेले. बसमध्ये बाया माझ्या छातीकडे बघतात. मी म्हणते, "पाहून झालं असन तं तिकीट घ्या."

कोणाचे हात तुम्हाला झोपवत असतील तर झोपा. प्रार्थना कुठल्या देवाची आहे ते विचारू नका. पण त्या हातांना एकदा तोंडानं विचारून घ्या, तुम्ही नेमकं काय बरं करताय? चांगले हात खरं सांगतात. जो म्हणेल, सगळंच, त्याच्याकडे पाठ करा आणि बस पकडा.

आता ऑपरेशनच्या त्या सकाळचं सांगते आणि थांबते.

गेट

आम्ही एस.टी.नंच गेलो. दादा, मी, हे, पोरं, आणि ईनबाई कमरेला चटई बांधून. दवाखान्याच्या गेटाशी दादाचे पाय थांबले. हे आणि पोरं पुढे निघून गेली होती. तो कुंपणालगतच्या कडुनिंबाकडे बघत होता.

"मायले आणलतं मी," तो म्हणाला. "इथवर आणलतं. त्या झाडाखाली बसलो होतो. माय म्हणे, चाल घरी, हे लोक कापतीन. मले बी तेच पाह्यजे होतं. म्या रिक्षा फिरवली."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, तो इकडे फिरकलाच नव्हता. आई या गेटापर्यंत आली होती. आत पन्नास पावलांवर औषध होतं आणि ती इथून परत गेली होती. मी गेटाचा गज धरला. त्याला मारावं की त्याच्या गळ्यात पडावं, कळेना. दोन्ही केलं नाही.

"छाया, तू जाय," तो म्हणाला. "मी इथंच थांबतो."

"गेटावर थांबाले नाई आणलं तुले."

"माह्यानं होत नाई बाई."

ईनबाईला यातलं अक्षर कळलं नसेल. पण ती सावकाश चालत त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली, एवढी मोठी बाई, की मागे वळायला रस्ताच उरला नाही.

दादानं माझी पिशवी माझ्या हातातून घेतली.

"कोन्त्या बाजूनं जाचं?" त्यानं विचारलं.

"सरळ," मी म्हटलं. "मले माहीत आहे रस्ता. तू माह्यासंगं चाल."